मुद्दाम केलं नव्हतं हो!

रग्बीवर मी कधी मराठीत लिहीन असं वाटलं नव्हतं. इथे वाचायला येणाऱ्या निम्म्या मंडळींच्या लेखी तो खेळ म्हणजे चिखलात लोळणारी आडदांड माणसं आणि अंड्यासारखा चेंडू (आणि त्यात फारसं चूक काही नाही). पण गेले काही महिने आमच्या घरात, चिरंजीवांच्या क्लबात आणि ऑफिसातल्या चहाच्या वेळी एकच वाद फिरून फिरून येतोय. समोरच्याच्या डोक्याला लागेल असा टॅकल केला, पण मुद्दाम केला नाही, तर त्या खेळाडूला बाहेर काढावं की नाही?

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. काढावं. सामना संपेपर्यंत काढावं. आणि 'मुद्दाम' हा शब्द त्या निर्णयात कुठेही येऊ नये.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा विरुद्ध पंधरा. चेंडू काखोटीला मारून एकजण पळतो, समोरचा त्याला मिठी घालून खाली पाडतो, तो टॅकल. अंगावर चिलखत नाही, डोक्यावर हेल्मेट नाही. नियम मोडला तर पिवळं कार्ड म्हणजे दहा मिनिटं बाहेर, लाल म्हणजे उरलेला सामना बाहेर, आणि बदली खेळाडू नाही. उरलेल्या चौदांनी काय ते बघायचं. २०२३ पासून मोठ्या सामन्यांत एक नवीन सोय आली. रेफरीला खात्री नसेल तर तो पिवळं दाखवून मोकळा होतो, आणि आत टीव्हीसमोर बसलेला एक अधिकारी आठ मिनिटांत ठरवतो की पिवळ्याचं लाल करायचं का.

आता भांडण कशावरून होतं ते बघा. टॅकल करणारा ताठ उभा राहून छातीच्या उंचीवर खांदा घालायला जातो. चेंडूवाला आयत्या वेळी वीतभर वाकतो. जिथे छाती होती तिथे आता तोंड आहे. खांदा गालफडावर किंवा कपाळावर कपाळ, आणि दोन्हीकडे शंभर शंभर किलोचे देह पळत आलेले. यात मुद्दाम काय आहे? काहीच नाही. कुणालाच समोरच्याचा जबडा मोडायचा नव्हता. म्हणून मग टीव्हीवरचे जुने खेळाडू म्हणतात, "अहो, हा तर रग्बीतला अपघात आहे. एवढ्यासाठी लाल?"

मला हा युक्तिवाद पटत नाही. घाटातल्या वळणावर ओव्हरटेक करणाऱ्या ड्रायव्हरलाही समोरून येणारी गाडी ठोकायची नसतेच. त्याला फक्त पुढे जायचं असतं. तरी आपण त्याला शिव्या घालतो, कारण त्याने धोका पत्करायचा ठरवलं तो क्षण वळणाच्या आधीचा होता. टॅकलचंही तसंच आहे. शेवटच्या दशांश सेकंदात कुणाच्याच हातात काही नसतं हे खरं, पण गुडघ्यात आणि कमरेत वाकून जायचं की ताठ जायचं हे त्याच्या आधी ठरलेलं असतं. खरं तर मंगळवारी संध्याकाळी सरावात ठरलेलं असतं. ताठ गेलं की चेंडू अडवता येतो, समोरच्याला पुढे पास देता येत नाही, म्हणून ताठ जायला शिकवलं जातं. त्या शिकवण्याची किंमत दुसऱ्याच्या डोक्याने का मोजायची?

२०२३ चा विश्वचषक आठवतोय? ९ सप्टेंबरला मार्सेयमध्ये इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. तिसऱ्याच मिनिटाला इंग्लंडच्या टॉम करीचं डोकं हुआन क्रूझ मायियाच्या डोक्यावर आदळलं. मायिया उंच उडून चेंडू झेलत खाली येत होता. आधी पिवळं, मग लाल. आमच्या गल्लीत त्या रात्री सुतक होतं. आणि मग चौदा जणांनी खेळून इंग्लंडने सामना २७-१० असा जिंकला, सगळेच्या सगळे सत्तावीस गुण एकट्या जॉर्ज फोर्डच्या पायातून. त्यामुळे लाल कार्डाने सामना मरतो, हे म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

पण त्याच स्पर्धेची अंतिम लढत त्यांच्या बाजूने उभी राहते, ते मान्य करायला हवं. २८ ऑक्टोबर, पॅरिस. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याच्या खांद्याने दक्षिण आफ्रिकेच्या जेसी क्रिएलच्या डोक्याला मार बसला, पिवळ्याचं लाल झालं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं पहिलं लाल कार्ड, आणि तेही कर्णधाराला. दुसऱ्या डावात आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचंही डोकं आर्डी सावियाच्या डोक्यावर आदळलं, पण त्याचं पिवळं पिवळंच राहिलं. आफ्रिका १२-११ जिंकली. एका गुणाने! न्यूझीलंडच्या माणसाला हे आयुष्यभर सलणार. दोन टॅकल सारखे नव्हते, कोलिसी खाली वाकायचा प्रयत्न करत होता, वगैरे स्पष्टीकरणं मी वाचली आहेत आणि मला ती पटतातही. तरी सांगतो, माझा एक न्यूझीलंडर सहकारी या विषयावर अजून माझ्याशी धड बोलत नाही :-)

मात्र यातून निघतं ते एवढंच, की मोजपट्टी सगळ्यांना सारखी लागली पाहिजे. मोजपट्टीच मोडून टाका असं काही यातून निघत नाही.

शिक्षेने खेळाडू बदलतात का? बदलतात, आणि हे मी हवेत बोलत नाही. २००५ च्या जून महिन्यात क्राइस्टचर्चला लायन्सचा कर्णधार ब्रायन ओड्रिस्कोल याला सामना सुरू होऊन दोन मिनिटं होत नाहीत तोच दोघांनी उचलून उलटा आपटला. खांदा निखळला, दौरा संपला. आणि शिक्षा? कुणालाच नाही. पुढे सहा वर्षांनी, २०११ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, वेल्सचा तरुण कर्णधार सॅम वॉरबर्टन याने फ्रान्सच्या क्लेर्कला उचलला आणि तो आडवा झाल्यावर सोडून दिला. रेफरी अ‍ॅलन रोलंड यांनी तिथल्या तिथे लाल कार्ड काढलं. वेल्स हरलं, ९-८. वॉरबर्टन काही गुंड नव्हता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं हे सगळ्यांना मान्य होतं. सगळा वेल्स रोलंडसाहेबांच्या नावाने बोटं मोडत होता. पण आज माणूस उचलून आपटण्याचे तसे टॅकल कितीसे दिसतात? मैदानावर पाय हवेत गेले की उचलणारा स्वतःच घाबरून त्याला हळूच खाली ठेवतो, अगदी काचेचं भांडं ठेवावं तसं. हे शहाणपण व्याख्यानं देऊन आलेलं नाही.

याहून जुना दाखला अमेरिकन फुटबॉलचा आहे. तिथे हेल्मेट चांगली कठीण झाली तशी पोरं डोकं खाली घालून, हेल्मेटच्याच टोकाने धडक मारायला लागली. माना मोडायला लागल्या. १९७६ मध्ये शाळा-कॉलेजांच्या खेळात अशा धडकेवर बंदी आली. त्या वर्षी मानेच्या दुखापतीने कायमचे हातपाय गमावलेल्या खेळाडूंची नोंद चौतीस होती, १९८४ पर्यंत ती पाचावर आली. एका नियमाने.

यावरून आठवलं, मावशीने फोनवर विचारलं होतं, "अरे पण मग तुमची पोरं हेल्मेट का नाही घालत?" मावशी, उत्तर वरच आलं बघ. शिवाय हेल्मेट कवटी वाचवतं, मेंदू नाही. मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो, द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्याने थांबलं किंवा वळलं की आतला मेंदू हलायचा राहत नाही. डब्याला बाहेरून कितीही फडकी गुंडाळ, हिसका बसला की आतलं दही हलणारच. रग्बीत काहीजण मऊ टोपी घालतात, तिने कान सोलवटत नाहीत आणि खोक पडत नाही, पण ती घातली म्हणून कन्कशन टळतं असं समजू नये.

कन्कशनला मराठीत काय म्हणायचं हा एक प्रश्नच आहे. आपण 'मुका मार' म्हणतो, 'भोवळ आली' म्हणतो, 'डोकं बधिर झालं' म्हणतो. रक्त नाही, टाके नाहीत, म्हणजे काही झालं नाही, हा आपला हिशोब. त्या हिशोबाची फळं आता दिसतायत. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात स्टीव्ह थॉम्पसन हूकर होता. २०२० च्या डिसेंबरात, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीर केलं की आपल्याला स्मृतिभ्रंश झालाय आणि तो विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही. तो सामना अख्ख्या इंग्लंडला आठवतो, जे तेव्हा जन्मलेही नव्हते त्यांनासुद्धा तोंडपाठ आहे. ज्याने खेळला त्याला नाही. त्याच्याबरोबर वेल्सचा अ‍ॅलिक्स पॉपम आणि आणखी काही माजी खेळाडू कायद्याची लढाई लढायला उतरले.

इथे एक कबूल केलं पाहिजे. त्या पिढीच्या मेंदूंची जी वाट लागली ती काही फक्त उंच टॅकलांनी नाही. सरावातल्या स्क्रमचे, रोजच्या धडकांचे हजारो छोटे छोटे धक्के त्यात आहेत, आणि त्यांना लाल कार्ड दाखवता येत नाही. त्यासाठी सराव कमी करावा लागेल. पण जे दाखवता येतं ते तरी दाखवा ना!

आणि त्या वेळी मार लागल्यावर काय करायचे? २०१३ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचा जॉर्ज स्मिथ डोकं आपटून अक्षरशः झोकांड्या खात बाहेर गेला, आणि पाच मिनिटांनी परत खेळायला आला. तेव्हाच्या तपासणीत तो 'पास' झाला होता. आता तपासणीला बारा मिनिटं आहेत आणि लक्षणं उघड दिसत असतील तर तपासणी न करताच कायमचं बाहेर. दहा वर्षांत एवढं तरी बदललं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र मला बरीच उशिरा कळली. वर्ल्ड रग्बीच्या अभ्यासात (२०१७ चा) असं निघालं, की डोक्याच्या तपासणीसाठी बाहेर जावं लागलेल्या घटनांपैकी ७६ टक्के टॅकलमधल्या होत्या. आणि त्यातले ७२ टक्के वेळा मार बसला होता तो टॅकल करणाऱ्याला! म्हणजे ज्याला आपण गुन्हेगार समजतोय तोच बहुतेक वेळा जखमी. लाल कार्ड समोरच्याला वाचवण्यासाठी आहे असं सगळे धरून चालतात. ते मुख्यतः ज्याला दाखवलं जातं त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी आहे.

आमच्या घरात हे आकडे गेल्या थंडीत चालत आले. चिरंजीव तेराच्या आतल्या संघात खेळतात. एका सामन्यात साहेब ताठ उभे राहून टॅकलला गेले, डोक्यावर डोकं आपटलं. रेफरीने पेनल्टी यांच्याविरुद्ध दिली, आणि कोचने यांनाच बाहेर बोलावलं. हा ओरडतोय, "मी मुद्दाम नाही केलं! आणि मला काही झालेलं नाही!" कोच शांतपणे म्हणाला, "दोन्ही खरं असेल. बस इथे." मग इथल्या नियमाप्रमाणे एकवीस दिवस सामना बंद, त्यातही आधी लक्षणं पूर्ण जायला हवीत. इथे घोषवाक्यच आहे, शंका असेल तर बाहेर बसवा. सांगलीहून आईचा फोन, "अरे एवढ्याशा टेंगळासाठी तीन आठवडे?" बायकोचं म्हणणं याच्या अगदी उलट, तीन आठवडेच का, कायमचंच बंद करा. मी मधल्यामध्ये. पोराला खेळायचंय, आणि चिखलात मित्रांबरोबर लोळून आल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते मला त्याच्या स्क्रीनसमोर कधी दिसलेलं नाही. आमच्यात तह झाला तो एका अटीवर. ज्या दिवशी हा क्लब उंच टॅकलकडे काणाडोळा करेल त्या दिवशी बूट माळ्यावर.

म्हणूनच मला ते वीस मिनिटांचं लाल कार्ड खटकतं. ही कल्पना २०२० पासून दक्षिण गोलार्धात वापरात आली आणि २०२५ च्या सिक्स नेशन्समध्येही लागू झाली. दोषी खेळाडू परत येत नाही, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. (सरळ सरळ गुंडगिरी असेल तर पूर्ण लाल अजूनही काढता येतं.) म्हणजे 'मुद्दाम' हा शब्द मागच्या दाराने परत आत आला. प्रेक्षकांनी पैसे मोजलेत, त्यांना पंधरा विरुद्ध पंधराच बघायचंय, हे मला कळतं. पण कोचच्या जागी बसून विचार करा. चौदा जणांनी सत्तर मिनिटं खेळायची भीती असेल तर मी मंगळवारी पोरांना वाकायला शिकवीन. वीस मिनिटं असतील तर मी हिशोब करीन. फ्रान्सच्या रग्बी संघटनेने या बदलाला विरोध केला होता. त्यांच्याकडे २०१८ मध्ये तरुण खेळाडूंचे मृत्यू झाले होते आणि त्यानंतर त्यांनी हौशी खेळात टॅकल कमरेपर्यंत खाली आणला. ज्यांच्या घरी आग लागून गेलीय त्यांना काडेपेटीचा विनोद आवडत नाही.

अर्थात नुसतं 'खाली जा' म्हणून भागत नाही. २०१८-१९ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या फळीतल्या एका स्पर्धेत टॅकलची उंची काखेच्या रेषेपर्यंत उतरवून पाहिली, तर टॅकल करणाऱ्यांची कन्कशनं वाढली आणि प्रयोग मध्येच थांबवावा लागला. कारण जवळून चेंडू घेऊन घुसणारे आधीच वाकलेले असतात, त्यात टॅकलवालाही वाकला की दोन डोकी एकाच पातळीवर. पुढे २०२३ च्या जानेवारीत इंग्लंडच्या संघटनेने गावोगावच्या खेळात एकदम कमरेची रेषा जाहीर केली, कुणाला नीट न विचारता. एवढा गहजब झाला की त्यांनी माफी मागितली आणि छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत तडजोड झाली. माझ्या मते ही तडजोड बरी आहे, पण चेंडूवाल्यानेही आयत्या वेळी डोकं पुढे घालून घुसू नये हेही तितक्याच कडकपणे पाहिलं पाहिजे.

हे सगळं वाचताना तुमच्यापैकी कबड्डीवाल्यांना हसू येत असेल. येणारच. चवडा काढणं, पट काढणं, घोटा धरणं, ढोपर धरणं, आपला अख्खा बचाव खालून चालतो. सातेक वर्षं मातीवर खेळलेल्या माणसाला इथल्या कोचचं "खाली, आणखी खाली" ऐकून गंमत वाटते. आपल्या नियमात तर धड आणि हातपाय सोडून दुसरीकडे पकडलं तर चढाईवाला बाद होत नाही, धरणाराच बाद. फक्त त्या नियमातही तोच शब्द बसलाय, 'मुद्दाम'. आणि खालून धरायचं म्हणजे आपलं डोकं समोरच्याच्या गुडघ्याच्या वाटेवर द्यायचं, त्यामुळे कपाळावर ढोपर बसणं हे कोपऱ्यात खेळणाऱ्याचं रोजचंच.

बसल्यावर काय करतात तेही मी पाहिलंय. आमच्याकडच्या एका स्पर्धेत एका पोराला ढोपर बसून तो आडवा झाला. तोंडावर पाणी मारलं, कांदा हुंगवला, कुणीतरी पाठीवर थाप मारली, टाळ्या पडल्या, आणि पोरगा पुढच्या चढाईला पुन्हा साखळीत उभा. बाजू कुठली हे त्याने शेजारच्याला विचारल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. तेव्हा सगळे हसले होते.

दादा, तू हे वाचणारच आहेस म्हणून लिहितो. तुमच्या मंडळाच्या स्पर्धांचं पत्रक छापायला जाईल तेव्हा नियमांत एक ओळ घाल. डोक्याला मार बसून भोवळ आलेला, गोंधळलेला किंवा बेशुद्ध पडलेला खेळाडू त्या दिवशी परत उतरणार नाही, आणि हे पंच ठरवतील, संघाचा व्यवस्थापक नाही. डॉक्टर, मशिनं, टीव्ही काही नको. त्याच्या जागी दुसरा घ्या, राखीव खेळाडू अंगावर शाल घेऊन बाहेर बसलेलेच असतात. पंचांशी वाद घालायला कोण येईल ते तुला माहीत आहे. त्याला माझा नंबर दे.